प्रश्नचिन्हांनी भरलेली फाइल

डोळे गेल्यावर मी शाळेत परत रुजू झाले आणि त्याच जूनमध्ये सहावीचं इतिहासाचं पुस्तक बदललं.

जुनं पुस्तक मला तोंडपाठ होतं. कोणत्या पानावर कोणतं चित्र आहे, चौकटीत काय दिलंय, पोरं कुठल्या प्रश्नाला हमखास अडतात, हे सगळं मी न बघता सांगितलं असतं. पुण्याला प्रशिक्षण घेत असताना मी त्याच भरवशावर दिवस काढले होते. डोळे गेले तर गेले, पुस्तक डोक्यात आहे, असं स्वतःला बजावत होते. मुख्याध्यापकांनी नवं पुस्तक माझ्या हातात ठेवलं तेव्हा मी त्याच्या गुळगुळीत कव्हरवरून बोटं फिरवली. हातात पुस्तक आहे, यापलीकडे मला काही कळलं नाही.

आम्ही राजूरला राहतो. शाळा तिथून पुढे डोंगरातल्या एका गावात आहे. जीपने जायचं, फाट्यावर उतरून थोडं चालायचं. नवरा सुप्याच्या एमआयडीसीत कारखान्यात आहे. तो तिकडेच खोली करून राहतो, सुट्टी मिळाली की येतो. घरी मी आणि सासूबाई. माझा आजार डोळ्यांच्या पडद्याचा, हळूहळू वाढत जाणारा. आधी अंधार पडला की दिसेनासं झालं, मग बाजूचं दिसेना, टेबलाच्या कोपऱ्यांवर आपटून मांड्या काळ्यानिळ्या व्हायच्या. शेवटी फळ्यावर मीच लिहिलेलं मला वाचता येईना. नगरच्या डॉक्टरांनी बोलण्याआधी आपली खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली तेव्हाच मी समजले.

पुण्यात मी पांढरी काठी वापरायला शिकले, आणि कम्प्युटर शिकले. पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. ब्रेलही शिकले, पण चाळिशीत शिकलेल्या बोटांना वेग येत नाही. मी एक ओळ चाचपत पूर्ण करेपर्यंत वर्गातली पोरं मनाने खिडकीबाहेर पोचलेली असतात. तेव्हा माझी सगळी मदार त्या लॅपटॉपवर होती.

"बाई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका," मुख्याध्यापक म्हणाले. मनुष्य वाईट नव्हता. स्वतः दोन वर्ग सांभाळून ऑफिसचं कामही तेच ओढायचे. "दिवाळीनंतर तपासणीला साहेब येणार आहेत. तुमचा इतिहासाचा तास बघतील. जमलं तर तुम्ही वर्गावर. नाही जमलं तर तुम्हाला तालुक्याच्या ऑफिसात टेबल देतील. पगार चालूच राहील. त्यात वाईट काय आहे?"

तसं टेबल मी डोळे असताना पाहिलं होतं. अर्धांगवायू झालेले एक गुरुजी एका ऑफिसात असे बसायचे. त्यांच्या टेबलावर काही नसायचं. येणारे-जाणारे त्यांना वाकून नमस्कार करायचे आणि पुढच्या टेबलाकडे जायचे. गुरुजी दिवसभर तो कोरा लाकडी तुकडा हाताने पुसत राहायचे. मुख्याध्यापक बोलत होते आणि मला त्या गुरुजींचा हात आठवत होता.

पुस्तक वाचून दाखवायला माणूस का नाही मिळाला, असं कुणालाही वाटेल. सासूबाईंना सहीपुरतं येतं. शेजारच्या वर्गाच्या बाईंनी मधल्या सुट्टीत थोडी पानं वाचली, पण त्यांचंही घर होतं, तान्हं मूल होतं. वाचता वाचता त्या घड्याळाकडे बघतायत हे मला त्यांच्या आवाजावरून कळायचं. नवरा सुट्टीला आला की पुस्तक घेऊन बसायचा आणि दुसऱ्या पानावर त्याची मान पडायची. पाळी करून, बस बदलून आलेला माणूस. मी पुस्तक त्याच्या हातातून काढून घ्यायची.

मग मी लिस्टवर लिहिलं.

ही लिस्ट म्हणजे ईमेलचा एक गट. पुण्याच्या आमच्या शिक्षकांनी निघताना माझा पत्ता त्यात घातला होता. एका पत्त्यावर पत्र टाकायचं, ते गटातल्या सगळ्यांना जातं. राज्यभरातले आमच्यासारखेच न दिसणारे लोक त्यात होते. कुणी रेल्वेच्या सवलतीचं विचारायचं, कुणी बोलणारं घड्याळ कुठे मिळतं ते सांगायचं, एकाने तर लिस्टवरच लग्न जमवलं होतं. "सगळं जग व्हॉट्सअ‍ॅपवर आणि तुमचं काय हे जुनंपुराणं," नवरा म्हणायचा. पण आम्हाला ईमेलच बरा पडतो. पत्र एकामागून एक ओळीने ऐकता येतं, जुनं शोधलं की सापडतं, फोटोंचा कचरा नसतो.

मी लिहिलं, "सहावीचं नवं इतिहासाचं पुस्तक कुणाकडे वाचता येईल अशा स्वरूपात आहे का? माझी नोकरी त्यावर आहे."

दुसऱ्याच दिवशी कोल्हापूरच्या एका बाईंनी फाइल पाठवली. मी उघडली. स्क्रीन रीडर म्हणाला, रिकामं पान. पुढचं पानही रिकामं. सगळं पुस्तक रिकामं. त्यांच्या भाचीने मोठ्या हौसेने पानांचे फोटो काढून त्यांची पीडीएफ केली होती. ज्याला दिसतं त्याच्यासाठी पुस्तक होतं. आमच्या यंत्राला फोटोतली अक्षरं वाचता येत नव्हती.

मग नगरच्या एका छापखान्यात ओळख असलेल्या गृहस्थांनी मजकूर टाइप केलेली फाइल मिळवून दिली. या खेपेला यंत्र बोललं, पण काय बोललं! इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, टिंब, पुन्हा डॉलर. छापखान्यात वापरतात त्या जुन्या फॉन्टमधली ती फाइल. पडद्यावर ती चोख मराठी दिसते, पण आत प्रत्येक अक्षरामागे भलतंच काहीतरी असतं, आणि स्क्रीन रीडर ते आतलंच वाचतो. मी सकाळभर ते ऐकत बसले, जणू ऐकून ऐकून त्यातून एखादा शब्द निघेल. सासूबाई चहा ठेवून गेल्या, त्यावर साय धरली.

तिसऱ्या कुणी पाठवलेली फाइल फार मोठी म्हणून लिस्टने वाटेतच परत लावली. फोनसमोर पान धरलं की वाचून दाखवणारं अ‍ॅप तेव्हा नुकतंच घेतलं होतं, तेही करून पाहिलं. पण पान सरळ धरलंय की वाकडं, हे मला कोण सांगणार? पुस्तकात एका पानावर दोन रकाने आणि मधे चौकट. ते यंत्र हडप्पाच्या विटा वाचता वाचता मधेच चौकटीतल्या मुद्रांच्या माहितीत घुसायचं आणि परत विटांवर यायचं. अशा पुस्तकावर मी पोरांना काय शिकवणार होते?

गणपती आले आणि गेले. वर्गात मी कसंबसं ओढत होते. शेजारच्या बाईंनी वाचलेलं तेवढं शिकवायचं, बाकी गोष्टी सांगून वेळ मारून न्यायची.

अशात एके दिवशी लातूरकडच्या एका काकांचं पत्र आलं. लिस्टवर ते फारसे लिहीत नसत. "ताई, मी तारखात्यात होतो. डोळे रिटायर झाल्यावर गेले, बोटं शाबूत आहेत. तुमचं पुस्तक दुकानातून आणवलं आहे. आमची ही वाचेल, मी टाइप करीन. कधीपर्यंत लागेल?"

मी लिहिलं, दिवाळीनंतर साहेब येणार आहेत.

"मग होईल," असं त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं.

पहिला पाठ आठवड्याच्या आतच आला, पत्रातच टाइप केलेला. मी स्वयंपाकघरात ओट्यावर लॅपटॉप ठेवून ऐकला. स्वच्छ मराठी, शुद्धलेखनासकट. चौकटीतला मजकूर कुठे सुरू होतो, कुठे संपतो, तेही त्यांनी लिहिलं होतं. चित्र असेल तिथे काकूंनी सांगितलेलं वर्णन होतं : "इथे मातीच्या भांड्याचे चित्र आहे, भांड्यावर मोर काढला आहे."

"कोन बोलतंय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"पुस्तक," मी म्हणाले, आणि मला रडू आलं.

दुसरा पाठही तसाच आला. मग लिस्ट सांभाळणाऱ्या गृहस्थांचं पत्र आलं. ते पुण्यात बँकेत आहेत, तेही आमच्यातलेच. फार नम्रपणे त्यांनी सगळ्यांना लिहिलं होतं, की लांबलचक मजकूर पत्रात घालू नये, लोकांचे फोन अडकतात, बऱ्याच तक्रारी आल्या आहेत. मजकूर फाइलमध्ये सेव्ह करून जोडावा. पीडीएफ नको, वर्डची फाइलही नको, कुणाकडे उघडते कुणाकडे नाही. साधी टेक्स्ट फाइल करावी, म्हणजे सगळ्यांकडे उघडेल.

मी काकांना कळवलं की मला एकटीला पाठवा, लिस्टवर नको. त्यांना ते पटलं नाही. "उद्या तुमच्यासारखं आणखी कुणी येईल, त्यानेही शोधत बसायचं का? लिस्टवर राहू द्या. नियम आहे तर नियमाप्रमाणे करू. उरलेले सगळे पाठ फाइलमध्ये करतो आणि एकदम जोडतो."

मधे मी एकदा विचारलं, एखादा पाठ आधी देता का. ते म्हणाले, धीर धरा, दिवाळीची भेट समजा.

दिवाळीत नवरा आला होता. पाडव्याच्या दुपारी आम्ही चिवडा खात बसलो होतो आणि काकांचं पत्र आलं. "संपलं. एकेक पाठ एकेका बैठकीत उरकला. हिचा घसा बसला आहे पण कुरकुर नाही. सर्वांना शुभ दीपावली." खाली फाइल जोडलेली. सगळे पाठ एकत्र झिप केलेले. मी ती सोडवली, आतली पहिली उघडली.

प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह.

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं दाबलं. बंद करून परत उघडली. प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह. दुसरी उघडली, तिसरी उघडली.

"अहो, जरा बघा ना," मी म्हटलं. "काय दिसतंय?"

नवरा माझ्या मागे येऊन उभा राहिला. "प्रश्नचिन्हं आहेत."

"सगळीकडे?"

तो पानं खाली सरकवत होता, त्याच्या बोटाचा आवाज येत होता. "सगळीकडे," तो म्हणाला. "मधे मधे टिंबं आहेत. कॉमा आहेत."

खरंच होते. पूर्णविराम जागच्या जागी होते, परिच्छेद बरोबर तुटलेले होते. वाक्य केवढं लांब होतं, यादी कुठे दिली होती, हे कळत होतं. नुसती शब्दांची जागा तेवढी राहिली होती. मी एक पाठ शेवटपर्यंत ऐकला. नवऱ्याने दोनदा सांगितलं, बंद कर आता. मला बंद करता येईना. वाटत होतं, यात कुठेतरी एखादा शब्द राहिला असेल. एकच.

मी पुण्याच्या गृहस्थांना फोन लावला. सणाचा दिवस, त्यांच्या घरी पाहुणे असावेत, मागे भांड्यांचा आवाज होता. मी फोनवर असतानाच त्यांनी फाइल उघडली.

"ताई, टेक्स्ट फाइल सेव्ह करताना कम्प्युटर विचारतो," ते सावकाश म्हणाले, "की यातली अक्षरं या प्रकारात बसत नाहीत, जातील, चालेल का? इंग्रजीत विचारतो. युनिकोड असा एक पर्याय निवडावा लागतो. काकांनी नुसतं एंटर दाबलं असणार."

"प्रत्येक पाठाला?"

"प्रत्येक पाठाला. सेव्ह केलं, बंद केलं, पुढचा घेतला. परत उघडून ऐकायची वेळच आली नसेल."

"पण आत कुठेतरी असेल ना? फॉन्ट बदलून बघितलं तर?"

"ते प्रश्नचिन्ह म्हणजे झाकण नाही हो ताई," ते म्हणाले. "त्याच्याखाली काही नाही."

काकांना हे कसं सांगायचं, ते मला सुचेना. पण सांगायची गरजच उरली नाही. कोल्हापूरच्या बाईंनीही फाइल उघडली होती आणि लिस्टवर विचारलं होतं, "काका, सगळी प्रश्नचिन्हं का आहेत?" संध्याकाळी काकांचं पत्र आलं. एकच ओळ. "म्हणजे सगळंच गेलं का?"

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या गृहस्थांनी लिहिलं, की टेक्स्ट फाइल करायला मीच सांगितलं आणि कशी करायची ते सांगितलं नाही, चूक माझी आहे. त्यावर काकांचं काहीच आलं नाही.

मी फोन केला. काकूंनी उचलला. घोगरा, फाटलेला आवाज. त्या माझ्या पुस्तकापायी असा आवाज करून बसल्या होत्या.

"बाई, काय सांगू तुमाला," त्या म्हणाल्या. "कम्प्युटरला हातच लावना गेलेत. जेवायला बसले तर बसले, न्हाईतर न्हाई. म्या म्हनलं, मशीन हाय, व्हतंय. तर म्हनतात, तुझा घसा गेला वाया."

"मला काकांशी बोलू द्या."

त्यांनी फोन काकांकडे दिला. मग ते म्हणाले, "ताई, आयुष्यभर लोकांच्या तारा पाठवल्या. एक अक्षर चुकू दिलं नाही. मेल्याच्या, जन्मल्याच्या. आणि हे..." मग कुणीतरी फोन ठेवला.

शाळा सुरू झाली. भाताची कापणी चालली होती, निम्मी पोरं खाचरात. नवरा सुप्याहून कंपनीच्या बसची वाट बघत उभ्या उभ्या फोनवर पाठ वाचून दाखवायचा. मागून ट्रक जायचे, हॉर्न वाजायचे, मधेच "बस आली, ठेवतो" म्हणून वाक्य अर्धं तुटायचं. मला ऐकू येईल तेवढं मी टाइप करून ठेवायची. असे थोडे पाठ झाले. एका संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "मी राजीनामा देते. मला हे भीक मागणं आता होत नाही." तो म्हणाला, "साहेब येऊन जाऊ दे. मग तू म्हणशील तसं." त्याच्याही आवाजात जीव नव्हता.

साहेब आले त्या दिवशी मी हडप्पाचा पाठ तयार ठेवला होता. तो मला पुरता येत होता. साहेब मागच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "वार्षिक नियोजनाप्रमाणे आज मौर्यकाळ चालू असायला हवा. तोच घ्या, बाई."

मौर्यकाळ माझ्याकडे प्रश्नचिन्हांत होता.

जुन्या पुस्तकातलं आठवून मी सुरुवात केली. आवाज बरा लागला. चंद्रगुप्तावरून अशोकाकडे आले, कलिंगाच्या युद्धाकडे आले. वर्ग शांत होता. मला वाटलं, निभेल. आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. हुशार, सरळ मनाची पोर. "बाई," ती म्हणाली, "पुस्तकात तसं न्हाई. ते पुढं हाय. आदी दुसरंच हाय."

"काय आहे आधी?"

ती वाचायला लागली. एक परिच्छेद झाला, दुसरा झाला. मी उभी होते, हात टेबलावर. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिचं वाचून झाल्यावर मी प्रश्न विचारायला हवे होते, पण कशावर विचारू? मागच्या बाकावर साहेबांनी पेनाचं टोपण लावल्याचं मला ऐकू आलं.

नंतर ऑफिसात ते म्हणाले, "बाई, तुमची भाषा चांगली आहे, मुलांवर पकड आहे. पण पुस्तकच तुमच्याजवळ नाही. या पोरांचं वर्ष मी कुणाच्या भरवशावर ठेवू?"

मी त्यांना फाइलची हकिकत सांगितली. लिस्ट, काका, पाडव्याची दुपार, सगळं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "वाईट झालं," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. पण त्यांनी लिहायचं ते लिहिलं. त्यांच्या जागी मी असते तर वेगळं काय लिहिलं असतं, मला माहीत नाही.

मला टेबल मिळालं. मी तिथे जायची, बसायची. पंख्याचं एक पातं कुठेतरी घासायचं. चहावाला आला की ग्लास माझ्या हातात द्यायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "गरम हाय, मॅडम," जणू मला ऐकूही येत नाही. लोक नमस्कार करून पुढे जायचे. एकदा माझ्या लक्षात आलं की माझा तळहात टेबलावरून गोल गोल फिरतोय. मी तो मांडीवर घेतला आणि मुठीत पदर धरून बसले. त्या काही आठवड्यांत मरणाचा विचार आला नाही असं म्हणणार नाही. जीपने येताना घाटातली वळणं कळायची, आणि मी दाराकडची जागा सोडून मधे बसायला लागले होते.

अशाच एका दुपारी फोन वाजला.

"बाई, कामात हाव का?" काकू होत्या. घसा सुधारला होता.

"नाही काकू. मला काम नसतं."

"मंग म्या वाचते. तुमी लिवून घ्या. ह्यांना सांगितलं न्हाई आजून. दुपारच्याला झोपतेत."

त्यांनी मौर्यकाळ काढला. मी कानात हेडफोनची तार घालून लॅपटॉप उघडला. त्या वाक्य वाचायच्या, थांबायच्या, मी टाइप करायची, "हं" म्हणायची. पंधराएक ओळी झाल्या की मी फाइल सेव्ह करायची, युनिकोड निवडून. मग बंद करायची, परत उघडायची आणि पहिली ओळ ऐकायची. काकू तिकडे थांबून राहायच्या. "आलं का?" त्या विचारायच्या. "आलं," मी म्हणायची, आणि मगच पुढे जायचं. माझी बोटं काकांसारखी नव्हती. एका पाठाला कितीतरी दुपारी लागायच्या.

काही दिवसांनी वाचता वाचता मागून काकांचा आवाज आला, "दीर्घ! 'नीती'तली नी दीर्घ आहे, सांग तिला."

काकू म्हणाल्या, "उठले वाटतं."

त्यांनी फोन हातात घेतला नाही. पण त्या दिवसापासून ते रोज जवळ बसायचे आणि ऱ्हस्वदीर्घ ओरडायचे.

पुस्तक उन्हाळ्यात पुरं झालं. मी पहिल्यांदाच लिस्टवर एवढी मोठी फाइल जोडून पाठवली आणि दिवसभर काही खाल्लं नाही. पाठवण्याआधी कितीदा उघडून ऐकली होती, तरी माझ्याकडे उघडली म्हणजे दुसऱ्याकडे उघडेल, यावरचा माझा विश्वासच उडाला होता. संध्याकाळी जळगावच्या कुणी अनोळखी मास्तरांनी लिहिलं, की उघडली, वाचता येते, आभारी आहे. मी ते पत्र सासूबाईंना ऐकवलं. त्यांना त्यात काय विशेष ते कळलं नाही. त्यांनी भाकरी वाढली.

जूनमध्ये मी अर्ज केला. साहेबांनी पुन्हा एकदा तास बघितला, या वेळी आधी न सांगता. मला सहावीचा इतिहास परत मिळाला, तेवढाच. बाकीचे दिवस टेबल आहेच. ज्या पोरांचा तास त्या दिवशी फसला ती सातवीत गेली होती. पहिल्या बाकावरची ती मुलगी फाट्यावर भेटली तर म्हणाली, "बाई, आमाला तुमी नंतर शिकवलंच न्हाई." तिला काय सांगायचं? मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तो तिच्या खांद्यावर पडला. ती खाली वाकून उभी राहिली, म्हणजे मला नीट ठेवता यावा म्हणून.

काका अजून लिस्टवर लिहीत नाहीत. पुण्याच्या गृहस्थांनी आता नियमांच्या पत्रात एक लांब परिच्छेद घातलाय, कोणता पर्याय निवडायचा, कुठली कळ दाबायची, पाठवण्याआधी फाइल बंद करून परत उघडून ऐका. त्यात कुणाचं नाव नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

पावसाळा सुरू झाला तेव्हा काकूंचा फोन आला. पाऊसपाणी विचारून झालं, सासूबाईंचे गुडघे विचारून झाले. मग त्या जरा घुटमळल्या.

"दुपारच्याला करमंना गेलंय बगा," त्या म्हणाल्या. "ह्यांचंबी तसंच. येक वाजला की खुर्ची ओढून बसतेत फोनपाशी. दुसरं काय वाचायचं आसलं तर सांगा की."

मला फक्त इतिहासच शिकवायला दिला होता. दुसऱ्या कुठल्या पुस्तकाची मला गरज नव्हती.

"आहे ना काकू," मी म्हणाले. "भूगोल आहे."

"थांबा," त्या म्हणाल्या, आणि तिकडे त्यांनी मोठ्याने सांगितलं, "अवो, भूगोल हाय म्हनं. उद्या आनवा."